काकू, जरा विचारायचं होतं

ह्या महिन्यात पत्रं लई आली. पाऊस लागला की माणसं घरात अडकतात आणि घरात अडकली की वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं वर येतं, तसं काहीतरी झालंय. सगळी छापायला जागा नाही म्हणून पाच घेतलीत, नावं काढून टाकलीत. उत्तरं लहानमोठी झालीत, एका पत्राला जास्त जागा दिलीय कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

प्रश्न : काकू नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरात सासूबाई (वय ७४, गुडघ्यांचा त्रास), आम्ही दोघं आणि दोन पोरं, एक नऊ वर्षांचं आणि एक पाच. मिस्टरांना पावसाळ्यात एकच दिवस मोकळा मिळतोय. त्यांचं म्हणणं बर्कीच्या धबधब्याला जाऊया, पोरांना भिजायचंय, मला वाटतं पन्हाळा बरा. सासूबाईंना विचारलं तर "मला काय, कुठंबी चालतंय" म्हणतात. सगळ्यांना जमेल असं ठिकाण सांगा की.

उत्तर : बर्कीचं ह्या वेळेला राहू द्या. तिथं पायी जावं लागतं, वाट निसरडी असते, आणि वर डोंगरात ढग फुटला की खाली ऊन असताना पण पाणी एकदम वाढतं, पाच वर्षांचं पोर आणि दुखरे गुडघे घेऊन तिथं जायचं नाही हे मी स्पष्टच सांगते. मिस्टरांना मित्रांबरोबर जाऊ दे पुढच्या खेपेला.

पन्हाळा चांगला आहे, वीसेक किलोमीटर, गाडी थेट वर जाते. अंबरखान्यापाशी गाडी लावली तर आजींना फार चालावं लागत नाही. आत ती धान्याची भली मोठी कोठारं बघून पोरांना सांगा की १६६० साली सिद्दी जौहरनं ह्या गडाला वेढा घातला होता आणि महाराज असल्याच पावसात रात्रीचे निसटून विशाळगडाकडं गेले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती त्याच वाटेवर. पुस्तकातला धडा वेगळा आणि धुक्यात उभं राहून ऐकलेलं वेगळं. २०२५ ला पन्हाळा युनेस्कोच्या यादीत पण गेला, बारा किल्ल्यांमध्ये, ते नऊ वर्षांच्याला नक्की सांगा, तो शाळेत जाऊन सांगेल. झुणका-भाकरी खायची, पोरं मोकळ्यावर भिजतील, कोरडे कपडे आणि टॉवेल मात्र जास्तीचे घ्या.

पण माझं मन त्या "कुठंबी चालतंय" वर अडकलंय. मी असंच ऐकून माझ्या सासूबाईंना पन्हाळ्याला नेलं होतं, त्या दिवसभर गाडीत काचा वर करून बसल्या आणि आम्ही बाहेर कणसं खात होतो. चार-पाच वर्षांनी कधीतरी बोलता बोलता म्हणाल्या की मला एकदा नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वाराचं स्नान करायचं होतं बघ. तोवर त्यांना प्रवास झेपत नव्हता. ते राहिलं ते राहिलंच.

म्हणून आजींना "कुठं जायचं" असं विचारू नका, "आत्या, तुम्ही शेवटचं वाडीला कधी गेला होता" असं विचारा आणि त्या काय बोलतात ते ऐका. नरसोबाची वाडी पन्हाळ्यापेक्षा लांब पडते, पण रस्ता सपाटीचा आहे. पाऊस वाढला की कृष्णेचं पाणी देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांना लागून दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं, तेच दक्षिणद्वार, त्या पाण्यात स्नान करायला लोक कुठनं कुठनं येतात. पण गर्दी आणि पाणी दोन्हीत म्हाताऱ्या माणसाला उतरवू नका, एक तांब्या पाणी आणून पायावर घातलं तरी होतंय. निघायच्या आधी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी किती फुटांवर आहे ते बघा, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, इशाऱ्याच्या आसपास असली तर जाऊच नका, येताना रस्ते बंद झालेले असतात. पाणी कमी असेल आणि वेळ उरला तर पोरांसाठी तिथनंच पुढं खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं, खाली उभं राहिलं की पाऊस डोक्यावर. पोरांना भिजायचंच आहे ना, मग तिथं भिजू देत. वाडीची बासुंदी घेतल्याशिवाय परत यायचं नाही हे सांगायला नको.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. माझ्या हातनं फार मोठी चूक झाली. बहिणीला पाठवायचा व्हॉइस मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर गेला. त्यात मी आमच्या सीनियर मॅडमबद्दल बोलले होते, की त्यांना काम येत नाही आणि सगळं माझ्यावर ढकलतात. डिलीट केला पण तोवर सहा जणांनी ऐकला होता, मॅडमनी पण. दोन दिवस रजा टाकलीय. राजीनामा देऊ का?

उत्तर : नाही. उद्या जावा.

ग्रुपवर सॉरी-बिरी लिहू नका, तिथं बाकीच्यांना फक्त मजा येते. सकाळी गर्दी व्हायच्या आधी, कॅश काउंटर उघडायच्या आधी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभं राहा आणि सांगा की मी बोलायला नको होतं, ते पण तुमच्या माघारी, माझं चुकलं. चुकून गेला, मोबाईलमुळं झालं असलं काही लावू नका, मेसेज चुकून गेला पण बोलणं काही चुकून झालेलं नव्हतं आणि हे त्यांना पण माहिती आहे. त्या चिडतील, चिडू देत, ऐकून घ्या.

आणि काम ढकललं जातंय हे खरं असेल तर ते त्याच दिवशी काढू नका. दोन-तीन आठवडे जाऊ देत, मग कागदावर लिहून न्या की मॅडम माझ्याकडं रोजचं हे हे काम आहे, ह्यातलं काय आधी करू. बऱ्याच वेळा वरच्या माणसाला माहितीच नसतं की खालच्याच्या टेबलावर किती साठलंय. तुम्ही बहिणीला सांगितलं, मला सांगितलं, मॅडमना एकदा तरी सांगितलंय का?

प्रश्न : काकू, कुणाला सांगू कळत नाही म्हणून लिहितेय. माझे मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर आहेत. मे महिन्यात उजव्या हाताची दोन बोटं पेरापासनं गेली. शेठनी लगेच प्रायव्हेट दवाखान्यात नेलं, बिल भरलं, पण डॉक्टरांना सांगितलं की घरी दारात सापडली, आणि हे गप्प बसले. पहिल्या महिन्याचा पगार पूर्ण दिला, आता अर्धा देतात. म्हणतात हलकं काम देतो, लिहून-बिहून काही करू नका, आपले घरचे संबंध आहेत. पगार १६ हजार आहे. हे दिवसभर हात खिशात घालून बसतात, नणंदेच्या पोरीच्या बारशाला पण आले नाहीत. मी काय बोललं की चिडतात. मी करू तरी काय?

उत्तर : ताई, आधी कागदाचं सांगते कारण त्याला वेळ लावून चालत नाही, मग दुसरं.

पगाराची स्लिप काढा, नसेल तर बँकेत किती जमा होतोय ते बघा. १६ हजारांवर ०.७५ टक्के म्हणजे १२० रुपये ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, कापले जात असतील. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि पगार २१ हजारांपर्यंत, तर ईएसआय लागतंच, शेठची मर्जी असो नसो. आणि कामावर दुखापत झाली की त्यासाठी आधी अमुक इतके महिने पैसे भरलेले पाहिजेत अशी अट नसते, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. शेठनी पैसे कापले आणि भरलेच नसतील तर ते ईएसआयवाले शेठकडनं वसूल करतात, त्याचा भुर्दंड कामगारावर येत नाही.

मिळतं काय ते पण सांगते. कामावर जाता येत नाही तितके दिवस पगाराच्या ९० टक्के, म्हणजे तुमच्या हिशोबानं दिवसाला ४८० रुपयांच्या आसपास. बोटं कायमचीच गेलीत म्हणून पुढं मेडिकल बोर्ड तपासून किती टक्के अपंगत्व ते ठरवतं आणि त्याप्रमाणं कायमचा लाभ मिळतो. ह्याला दया म्हणत नाहीत, तुमच्या पगारातनं दर महिन्याला कापलेल्या आणि शेठनी भरायच्या पैशाचा हा विमा आहे. कारखान्यात दहापेक्षा कमी माणसं असली तरी हात हलवत बसायचं नाही, कामगाराला भरपाई द्यायची सोय आपल्याकडं कायद्यात १९२३ पासनं आहे, त्यासाठी कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जाऊन चौकशी करायची.

आता अडचण एकच, दवाखान्याच्या केसपेपरवर "घरी दारात" असं लिहिलंय. म्हणून उशीर न करता खरं काय झालं ते तारीख, वेळ, मशीन, शेजारी कोण होतं ह्यासकट साध्या मराठीत लिहून ईएसआयच्या ऑफिसात द्या आणि पोच घ्या. कारखान्यात अपघाताचं रजिस्टर असतं, त्यात नोंद केली नाही हे पण लिहा. त्या दिवशी हजेरी होती, कारखान्यातनं दवाखान्यात कुठली गाडी गेली, बिल कुणी भरलं, हे सगळं पुरावाच आहे. घरी दारात बोट सापडलं तर शेठ कशाला बिल भरतील, हे कुणालाही कळतंय. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला गळ घालू नका, त्याची पण नोकरी आहे, पण विचारून बघा.

शेठ वाईट आहेत असं मी म्हणत नाही. दवाखान्यात पळवत नेलं, बिल भरलं, ते खरं आहे. पण "घरचे संबंध" म्हणून तुमचा कायमचा हक्क तोंडी आश्वासनावर सोडायचा नाही, उद्या कारखाना त्यांच्या पोराकडं गेला तर त्याला कुठं ठाऊक असणारेत हे संबंध. आणखी एक, प्रेसला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ती खालीच येऊ नये अशी सोय असते, आणि प्रॉडक्शन वाढावं म्हणून त्यातलं एक बटण बांधून ठेवतात, हे आपल्याकडं किती ठिकाणी चालतं. मिस्टरांच्या मशीनला ते बांधलेलं होतं का ते विचारा. अजून त्या मशीनवर कुणाचं तरी पोर काम करतंय.

आता दुसरं. माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते, मी सहावीत असताना त्यांच्या उजव्या अंगठ्याला असंच झालं. ते सगळ्यांचं जेवण झाल्यावर एकटे स्वयंपाकघरात जेवायला बसायचे, डाव्या हातानं, पाठ आमच्याकडं करून. आई बरेच दिवस काही बोलली नाही. मग एका रात्री तिनं सगळ्यांच्या ताटात चमचे ठेवले, आमटी-भात, भाकरी कुस्करून, सगळं चमच्यानं. वडील बघत बसले, मग चिडून म्हणाले काढा ते चमचे, मी काय मेलोय का, आणि पाट ओढून आमच्यात बसले, डाव्या हातानं जेवले. त्या दिवसापासनं रोज आमच्यातच जेवायला बसले. तुमच्याकडं हीच युक्ती चालेल असं नाही, प्रत्येक माणूस वेगळा. पण त्यांच्या चिडण्याला घाबरून विषयच काढायचा नाही हे करू नका.

तुम्ही त्यांना पगाराचं विचारता, औषधाचं विचारता. एकदा हे पण विचारा की परत प्रेससमोर उभं राहायची भीती वाटते का. पुरुष माणूस हे आपणहून सांगत नाही, आणि आपल्याकडं तर नाहीच. हलकं काम घ्यायचं की दुसरीकडं बघायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, तुम्ही, सासरे, शेठ मिळून ठरवू नका. ईएसआयच्या ऑफिसला पण त्यांनाच घेऊन जा, सही त्यांनाच करू द्या, डाव्या हातानं करतील, वेळ लागला तर लागू दे, मागं रांग असली तरी. आणि मला कळवा काय झालं ते. नक्की कळवा.

प्रश्न : मी कोल्हापूरची, जॉबला पुण्यात. ऑफिसात मी "मी जेवलो", "मी निघतो" म्हणाले की सगळे हसतात, "अगं तू मुलगा आहेस का" म्हणतात. आता मी बोलायच्या आधी विचार करते. परवा घरी आल्यावर आईशी पण "मी जाते" म्हणाले तर आई गप्पच झाली.

उत्तर : बाळा, आई का गप्प झाली ते तुला कळलंय, म्हणून तर लिहिलंयस.

आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या "येतो गं", "आलो बघ", "मी करतो की" असंच म्हणत आल्यात. शेजारच्या कन्नडमध्ये तर "मी" म्हणून बोलताना बाई आणि पुरुष असा फरकच नसतो, तिथं कुणी कुणाला हसत नाही. मी मासिकात "लिहिते" लिहिते कारण वाचणारे सगळीकडचे असतात, पण हे पान संपवून उठले की सुनेला म्हणणार, "मी जरा महाद्वार रोडला जाऊन येतो". तू पुण्यात मीटिंगमध्ये "जाते" म्हण, त्यात काही बिघडत नाही. हसणाऱ्यांना एकदा शांतपणे सांग की आमच्याकडं असंच बोलतात. आणि आज रात्री आईला फोन कर आणि म्हण, "आई, मी जेवलो".

प्रश्न : माझं माहेर रत्नागिरी, लग्नाला दोन वर्षं झाली. सासूबाई शाळेत शिपाई होत्या, ३१ वर्षं नोकरी करून जुलैअखेर रिटायर होणारेत. आखाड आहे म्हणून घरीच मटणाचं जेवण करायचं ठरलंय, चाळीस माणसं. आजवर घरातलं मटण सासूबाईच करतात, पण ह्या दिवशी त्यांना चुलीपाशी उभं करायचं नाही असं मी ठरवलंय. मला मासे येतात, तांबडा-पांढरा कधी केला नाही. केटरर सांगू का? माणसं नावं ठेवतील का?

उत्तर : किती छान ठरवलंयस गं. केटरर नको, घरी कर, पण एकटी नको. नवऱ्याला कांदे चिरायला आणि नारळ फोडायला बसव, नणंद-जाऊ असेल तर भाकरी त्यांच्याकडं. आधी त्या दिवशी एकादशी-संकष्टी नाही ना ते बघ.

माणशी २०० ग्रॅम मटण धर, म्हणजे आठ किलो. आपल्याकडं जेवण रस्स्यावर ओढतात, तेवढं पुरतं. मटण आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, मीठ आणि अगदी थोडी हळद लावून भरपूर पाणी घालून शिजव. ते पाणी म्हणजे आळणी, सगळं त्याच्यावर आहे. त्याचे दोन भाग कर. एकात तांबडा, कांदा आणि सुकं खोबरं चांगलं भाजून वाटलेलं, तीळ, खसखस आणि सासूबाईंनी उन्हाळ्यात करून ठेवलेली कांदा-लसणाची तिखट चटणी. बाजारची नको, घरची बरणी आहे ना. दुसऱ्यात पांढरा, खसखस, तीळ आणि काजू बारीक वाटून, तुपात दालचिनी, लवंग, वेलची, मिरी तडतडवून, आणि नारळाचं दूध एकदम शेवटी. दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, फुटतं. हळद जास्त झाली की पांढरा पिवळा दिसतो, म्हणून पहिल्यांदाच हात आखडता घे. मटण थोडं बाजूला काढून सुकं कर.

आधीच्या रविवारी एक किलोवर एकदा करून बघ, घरातल्यांपुरतं. आणि तेव्हा सासूबाईंना सरप्राइज-बिरप्राइज काही नको, सरळ सांग की तुमच्यासारखं करायचंय, दाखवा. ३१ वर्षं त्या शाळेत लोकांना पाणी-चहा देत फिरल्यात, त्यांना पाटावर बसवून वाढायचं आहे ते कार्यक्रमाच्या दिवशी. त्या दिवशी पहिली वाटी पांढऱ्याची त्यांच्या हातात दे, चाळीस माणसं बसायच्या आधी. मीठ कमी असलं तर त्या सांगतीलच.